जिथवर टॉवर पोचला, तिथवरची गाणी

आमच्या कोलंबसात, म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, हाय स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डचं एक दुकान आहे. शनिवारी सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमधली रात्रपाळी संपली की घरी जायच्या आधी मी तिथे अर्धा-पाऊण तास थांबते. घ्यायचं काही नसलं तरी जाते. जुन्या पुठ्ठ्याच्या पाकिटांना एक वास असतो, तोच वास आमच्या आप्पांच्या पत्र्याच्या ट्रंकेला होता. आप्पांचा वाळवा तालुक्यात लाऊडस्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, जत्रा, गणपती, काहीही असो, दोन कर्णे, अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डची ट्रंक असं सगळं बैलगाडीत टाकून निघायचे.

तर अशाच एका शनिवारी दुकानात एक गाणं लागलं होतं. चार पुरुषांचे आवाज, त्यातला एक वरच्या पट्टीत, अगदी नाजूक. माझ्या शेजारी एक सत्तरीचे आफ्रिकन-अमेरिकन गृहस्थ खोक्यातल्या रेकॉर्ड चाळत होते. त्यांचा हात थांबला. आणि मग ते हळू आवाजात गायला लागले, पण मुख्य चाल नाही, मागच्या तिघांपैकी एकाची. म्हणजे हे गाणं त्यांना नुसतं पाठ नव्हतं, आतून बाहेरून ठाऊक होतं. मी विचारलं, कुणाचं हो हे? म्हणाले, "आमच्या गावचं. ह्या कोलंबसचं. शाळेत असताना रेडिओवर रोज लागायचं. मला वाटायचं, अख्ख्या अमेरिकेत लागतंय. सैन्यात भरती होऊन टेक्ससला गेलो, तिथे कुणी हे गाणं ऐकलेलंच नव्हतं. मला खोटारडा म्हणाले पोरं."

ते गाणं होतं ‘यू कान्ट ब्लेम मी’. गाणारे जॉन्सन, हॉकिन्स, टेटम अँड डर. नाव वकिलांच्या पेढीसारखं वाटतं, पण चार गायकांची आडनावं एकापुढे एक लिहिली आहेत, एवढंच. आणि दुकानात वाजत होती ती रेकॉर्ड म्हणजे ‘एक्सेंट्रिक सोल: द कॅपसोल लेबल’. त्याच दिवशी विकत घेतली. दोघांच्या साध्या जेवणाला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात मिळाली. हे परीक्षण तिचं आहे, आणि तिच्यासोबत नंतर घेतलेल्या तिच्या धाकट्या बहिणीचंही.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. शिकागोत न्यूमेरो ग्रुप नावाची कंपनी आहे. केन शिप्ली, टॉम लंट आणि रॉब सेव्हियर या तिघांनी ती २००३ मध्ये काढली. विस्मरणात गेलेल्या छोट्या लेबलांची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांची, गाणी शोधायची, हक्कदारांना गाठायचं, त्यांच्याशी करार करायचे आणि गाणी नीट छापून पुन्हा बाजारात आणायची, हे त्यांचं काम. २००४ साली त्यांनी पहिलं प्रकाशन केलं ते हे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलंबसमधून निघणाऱ्या कॅपसोल या लेबलच्या सिंगल्सचा हा संग्रह. कॅपसोल म्हणजे ‘कॅपिटल सिटी सोल’. कोलंबस ही ओहायोची राजधानी, म्हणून कॅपिटल सिटी. लेबलचा मालक बिल मॉस हा डब्ल्यूव्हीकेओ या इथल्याच रेडिओ केंद्रावर रेकॉर्ड लावणारा निवेदक होता. स्वतः गायचा, गाणी बसवायचा, पोरं गोळा करायचा. डझनभर सिंगल्स आणि फोर मिंट्स या गटाची एक एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी तबकडी, एवढाच कॅपसोलचा संसार. काही वर्षांत लेबल बंद पडलं. मॉस पुढे शहराच्या शाळा मंडळावर निवडून आले, आणि कोलंबसच्या बऱ्याच लोकांना ते त्याच कामामुळे माहीत आहेत. २००५ मध्ये ते गेले. म्हणजे आपल्या लेबलचं नाव पुन्हा छापलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

सिंगल म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. सात इंची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे, एका बाजूला एक गाणं, तीन मिनिटांच्या आतबाहेर. आरसीए व्हिक्टर या अमेरिकन कंपनीने १९४९ मध्ये हा प्रकार आणला. मधलं भोक दीड इंचाचं, भलंमोठं. ज्यूकबॉक्सला, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्राला, अशी तबकडी उचलायला सोपी जायची. आपल्याकडेही सात इंची तबकड्या होत्या, आप्पांच्या ट्रंकेत ढिगाने होत्या, पण त्या ईपी. एका बाजूला दोन, दोन्ही बाजूंना मिळून चार गाणी, आणि भोक लहान. पहिली अमेरिकन सिंगल घरी आणली तेव्हा मी ती तशीच प्लेअरवर ठेवली आणि ती खुंटीभोवती लंगडत फिरायला लागली. मग दुकानदाराने प्लॅस्टिकची एक पिवळी चकती हातावर ठेवली. ती मधल्या भोकात बसवली की झालं.

आणि ज्याला ‘रिदम अँड ब्लूज’ म्हणतात ते नावही त्याच १९४९ सालचं. तोवर ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या मथळ्याखाली छापायचं. तिथल्याच जेरी वेक्सलर या तरुण पत्रकाराने हे नवं नाव सुचवलं. पुढे १९६९ मध्ये त्याच यादीचं नाव ‘सोल’ झालं. त्यामुळे कॅपसोलला सोल म्हणा की रिदम अँड ब्लूज, त्यावर मी वाद घालणार नाही. चर्चमध्ये शिकलेला गळा आणि नाचायला लावणारा ठेका, हे दोन्हींत आहे.

आता गाण्यांकडे येते, कारण बाकी सगळं वाचून कळतं, गाणी ऐकावीच लागतात.

‘यू कान्ट ब्लेम मी’ बद्दल वर लिहिलंच. पण घरी शांतपणे ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मागचे तिघे पुढच्या गायकाला नुसती साथ करत नाहीत, त्याला धरून ठेवतात. तो वर जातो, आता आवाज फाटेल असं वाटतं, आणि नेमक्या त्या जागी खालून तिघांचा सूर येऊन त्याला टेकू देतो. आमच्याकडे भजनात बुवा वर गेले की टाळकरी असंच करतात. ह्याच सिंगलच्या मागच्या बाजूला ‘युअर लव्ह कीप्स ड्रॉइंग मी क्लोजर’ आहे, तेही या संग्रहात घेतलंय. तेच चौघे, पण आता पाय थिरकतात.

माझ्या मनात घर केलं ते मात्र मॅरियन ब्लॅकने. ‘हू नोज’ हे त्याचं गाणं. संथ. आवाज जाड, खरबरीत, शेतात दिवसभर ओरडून घसा बसलेल्या माणसासारखा. विषय एवढाच की उद्याचं कुणाला ठाऊक. ह्या विषयावर जगात हजारो गाणी असतील. पण बाकीचे गायक हा प्रश्न ऐकणाऱ्याला विचारतात, आणि मॅरियन ब्लॅक स्वतःला विचारतो. उत्तर मिळणार नाही हे माहीत असलेल्या माणसाचा तो आवाज आहे. मी लॅबमध्ये काम करते. रात्री तीन वाजता नळीवर नाव-नंबर चिकटवून रक्त येतं, आणि ते ज्याचं आहे तो माणूस वरच्या मजल्यावर जागा असतो. हे गाणं ऐकल्यापासून मला त्या नळ्या हातात घेताना ते आठवतं. अतिशयोक्ती करत नाही.

आणि गंमत बघा, ह्या गाण्याला दुसरा जन्म देणारा पहिला माणूसही कोलंबसचाच. आरजेडी-टू हा संगीतकार इथेच वाढला. २००२ मध्ये, म्हणजे हा संग्रह यायच्या दोन वर्षं आधी, त्याने ‘स्मोक अँड मिरर्स’ या आपल्या रचनेत ‘हू नोज’चा तुकडा वापरला. जगभरच्या तरुण पोरांनी मॅरियन ब्लॅकचा आवाज असा ऐकला, तो कुणाचा आहे हे न कळता. ज्यांना ती रचना आवडते त्यांनी मूळ गाणं पूर्ण ऐकाच. तुकड्यात दुःख कळतं, पूर्ण गाण्यात माणूस कळतो.

फोर मिंट्स हा गट गोड आहे. ‘यू आर माय डिझायर’, ‘व्हाय डिड आय गो’, ‘रो माय बोट’. माझ्या कानाला तिन्ही एका दमात जरा जास्त गोड होतात. पण ‘रो माय बोट’ एकटं, रविवारी दुपारी, खिडकी उघडी ठेवून ऐकलं तर त्याला तोड नाही. कूल ब्लूजचं ‘आय अ‍ॅम गॉना कीप ऑन लव्हिंग यू’ उडत्या चालीचं आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणीगावांत अशा गाण्यांवर रात्ररात्र नाचणारा एक पंथच तयार झाला होता. विगन कसिनो हा त्यांचा मोठा अड्डा, १९७३ ते १९८१. अमेरिकेत कुणी हुंगूनही न बघितलेल्या सिंगल्स तिकडचे डीजे शोधून न्यायचे, आणि दुसऱ्या डीजेला नाव कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवायचे. गाणं जगलं ते त्यांच्यामुळे, हे खरंच. पण गाणाऱ्याचं नाव मात्र त्या कागदाखाली गेलं. मला त्या नाचणाऱ्यांबद्दल प्रेम आहे आणि त्या कागदाचा राग आहे, दोन्ही.

‘हॉट ग्रिट्स’ हे इलायजा अँड द इबोनाइट्सचं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, इथल्या दक्षिणेकडच्या लोकांची सकाळची न्याहारी. आपण ज्वारीच्या कण्या करतो तशाच रटरटतात. गाण्याचा ठेकाही तसाच रटरटणारा, आवाज फोडणीसारखे मधेच. माझ्या मुलाला सगळ्यात आवडलेलं हे एकच. रॉनी टेलरचं ‘विदाउट लव्ह’ मला तेवढं लागलं नाही, आवाज चांगला आहे पण त्या काळच्या मोठ्या गायकांची सावली जास्त दिसते. बिल मॉसचं ‘सॉक इट टु एम सोल ब्रदर’ हे गाण्यापेक्षा आपल्या माणसांना दिलेली शाबासकी आहे, रेडिओवर बोलायची सवय त्यात कळते. मला ते आवडतं. लेबलचा मालक स्वतः माइकसमोर उभा राहून आपल्या लोकांची पाठ थोपटतोय, हे ऐकायला मिळणं मोलाचं आहे.

आता मला पडलेला प्रश्न. इतकी चांगली गाणी टेक्ससपर्यंत का गेली नाहीत? सुरुवातीला मला वाटायचं, मोठ्या कंपन्यांच्या गाण्यांपेक्षा ही कुठेतरी कमी पडत असतील. दहा-बारा वेळा ऐकल्यावर ते मत मी सोडलं. कमी पडली ती पोच. छोटं लेबल म्हणजे एक माणूस, एक मोटार आणि डिकीत हजारभर तबकड्या. कारखान्याला छपाईचे पैसे रोख आणि आधी द्यायचे. वितरक माल घेणार तो परतीच्या बोलीवर. विकला गेला तर तीन-तीन महिन्यांनी पैसे, नाही गेला तर खोकी परत दारात. म्हणून गाणं पडलं की नुकसान, आणि गाणं चाललं की त्याहून मोठं संकट. मागणी वाढली की आणखी छापायला रोकड पाहिजे, आणि आधीच्या मालाचे पैसे अजून आलेले नसतात. शिकागोचं व्ही-जे हे त्या मानाने मोठं लेबल, बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड त्यांनी अमेरिकेत काढल्या होत्या, लाखांनी विकल्या होत्या. तेसुद्धा १९६६ मध्ये दिवाळखोरीत गेलं. मग कोलंबसच्या एका रेडिओवाल्याची काय कथा. त्यात १९७३ च्या तेलटंचाईने व्हिनाईलच, म्हणजे खनिज तेलापासून बनणारं रेकॉर्डचं प्लॅस्टिकच, महागलं.

आप्पांचा कर्णा गावात लागला की आवाज नदीच्या काठापर्यंत जायचा. पलीकडच्या गावाला आमच्याकडे लग्न आहे हे कळायचं, पण गाणं कुठलं ते कळायचं नाही. कॅपसोलचं तसंच झालं. डब्ल्यूव्हीकेओचा टॉवर जिथवर पोचला तिथवर जॉन्सन, हॉकिन्स, टेटम अँड डर हे मोठे गायक होते. पूर्ण मोठे. शाळेतल्या पोरांना त्यांची गाणी पाठ होती. त्या रेघेच्या पलीकडे ते कुणीच नव्हते. ही गाणी हरली असं म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या हद्दीत ती जिंकलेलीच होती.

हा संग्रह घेतल्यावर एका रविवारी मी गाडी काढून लाँग स्ट्रीटला गेले. बावीस वर्षं ह्या शहरात राहते, पण पूर्वेकडच्या त्या भागात मुद्दाम कधी गेले नव्हते. लिंकन थिएटर तिथेच आहे. काळ्या लोकांची दुकानं, क्लब, थिएटरं ह्यांनी गजबजलेली ती वस्ती होती. साठच्या दशकात आय-७१ महामार्ग मधून काढला आणि वस्ती शहराच्या मध्यापासून तुटली. आता महामार्गावरून जाणाऱ्या पुलाच्या भिंतीवर तिथल्या माणसांची चित्रं लावली आहेत. मी गाडीतच बसून ‘हू नोज’ लावलं. खाली महामार्गाची घरघर, आणि त्यात तो आवाज.

पुस्तिकेबद्दल सांगायलाच हवं, कारण मला ती गाण्यांइतकीच मोलाची वाटते. गायकांचे फोटो आहेत, कोण कुठला, कुणी कुणाला शोधलं, काय झालं, सगळं वाचायला मिळतं. भाषा साधी आहे. एकच तक्रार: अक्षर बारीक. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला चष्म्यासोबत दिवाही लागतो. आणि ही गाणी ऐकणारे बरेचसे पन्नाशी ओलांडलेलेच असणार.

मूळ सिंगल्सच का घेत नाहीस, असं मला एकाने विचारलं. घेऊन पाहिली. कॅपसोलची नव्हे, त्या मूळ प्रती माझ्या ऐपतीबाहेर आहेत. दुसऱ्याच एका छोट्या लेबलची, कॅलिफोर्नियात छापलेली एक सिंगल ऑनलाइन मागवली. विकणाऱ्याने लिहिलं होतं, उत्तम स्थितीत. आली तेव्हा दिसायला खरंच चकचकीत. सुई टेकवली आणि गाण्याच्या आधी फुसफुस सुरू झाली, भिजलेल्या सरपणातून येते तशी. गाणं जोरात झालं की आवाज चिरकायचा. मग टेबलावरच्या दिव्याखाली धरून पाहिली. तिरपा उजेड पाडला की रेघांचा काळा रंग मधे मधे राखेसारखा झालेला दिसत होता. कडेला नखाने टिचकी मारली तर आवाज टणटणीत आला, व्हिनाईलचा येतो तसा दबका नाही. मधलं लेबल पाहिलं तर ते तबकडीत दाबलेलं नव्हतं, वरून चिकटवलेलं होतं, एका कडेला किंचित सुटलंही होतं. म्हणजे व्हिनाईल नव्हे, स्टायरीन, दुसऱ्या जातीचं प्लॅस्टिक. अमेरिकेत पुष्कळ सिंगल्स स्टायरीनच्या निघाल्या, कारण ते झटपट आणि स्वस्तात साच्यात ओतता येतं. पण ते ठिसूळ. जड हाताच्या प्लेअरवर, झिजलेल्या सुईने, पन्नास-शंभर वेळा वाजली की रेघ खरवडली जाते, आणि खरवडलेली रेघ पाण्याने धुऊन परत येत नाही. विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, दिसायला चांगली होती, वाजवून बघितली नव्हती. पैसे गेले.

आप्पा असं न ऐकता कधीच विकत घेत नसत. विकत घ्यायची रेकॉर्ड आधी उजेडाला तिरपी धरायची, मग अंगठ्याच्या पोटाने कड चाचपायची, मग दुकानदाराला म्हणायचं, लाव. पूर्ण ऐकल्याशिवाय पाकिटात हात नाही. मीच ते विसरले.

त्या अनुभवानंतर ह्या संग्रहाची किंमत मला जास्त कळली. जिथे मूळ टेप हाती लागत नाही तिथे असे संग्रह करणाऱ्यांना चांगल्यात चांगली तबकडी शोधून तिच्यावरूनच गाणं उतरवावं लागतं. इथे आवाज स्वच्छ आहे, पण धुऊन पांढराफटक केलेला नाही. काही गाण्यांत खालचा सूर थोडा गढूळ आहे. तो तसाच राहू दिला हे बरं केलं. छोट्या स्टुडिओत, मोजक्या माइकवर, एका दिवसाच्या भाड्यात ध्वनिमुद्रण केलेलं गाणं तसंच ऐकू आलं पाहिजे.

आता धाकटी बहीण. ‘एक्सेंट्रिक सोल: द प्रिक्स लेबल’, न्यूमेरोनेच २००७ मध्ये काढली. प्रिक्स हेही कोलंबसचंच लेबल, कॅपसोलच्याच काळातलं. एडी रेचं ‘वेट अ मिनिट’ आणि जो किंगचं ‘स्पीक ऑन अप’ दोन्ही छान आहेत, आणि मॅरियन ब्लॅक इथेही भेटतो. एकूणात मला कॅपसोल जास्त आवडते. पण प्रिक्सच्या रेकॉर्डवर एक गाणं आहे ज्याच्यासाठी मी ती पुन्हा विकत घेईन.

‘यू अँड मी’. गाणारे पेनी अँड द क्वार्टर्स. एक गिटार, एका मुलीचा आवाज, मागे पुरुषांचं हुंकारणं. बस. ना ढोल, ना वाद्यवृंद. खरं तर हे प्रसिद्ध झालेलं गाणंच नव्हतं. नमुना म्हणून करून ठेवलेलं ध्वनिमुद्रण. लेबलशी संबंधित ध्वनिमुद्रक जॉर्ज बीटर वारल्यावर त्यांच्या घरच्या सामानाची विक्री झाली, त्यातल्या टेपांमध्ये हे निघालं. संग्रहात घेतलं तेव्हा ही पेनी कोण आणि क्वार्टर्स कोण, कुणालाच माहीत नव्हतं. मग २०१० मध्ये ‘ब्लू व्हॅलेंटाइन’ ह्या चित्रपटात ते वापरलं गेलं. चित्रपटातला नवरा बायकोला सांगतो, हे आपलं गाणं, दुसऱ्या कुणाचं नाही. आणि जगभर लोक विचारायला लागले, कुणी गायलंय हे? मानधन द्यायचं तर द्यायचं कुणाला? इथल्या वर्तमानपत्रांतून शोध सुरू झाला, आणि शेवटी कळलं की पेनी म्हणजे नॅनी शार्प, आणि क्वार्टर्स म्हणजे तिचे सख्खे भाऊ. ती कोलंबसमध्येच होती. चाळीस वर्षं आपण गायलेलं गाणं कुणी ऐकलं नाही असं समजून जगत होती.

हे ठाऊक झाल्यावर गाणं ऐकते तेव्हा मागच्या आवाजांकडे जास्त लक्ष जातं. ते भाऊ आहेत. बहिणीच्या पुढे जात नाहीत. ती श्वास घ्यायला थांबते तेवढ्यापुरतेच वर येतात. गिटारची तार एका जागी किंचित उतरल्यासारखी वाटते, ते कुणी दुरुस्त केलं नाही, नमुनाच तर होता. घरातल्या घरात गायल्यासारखं गायलंय, म्हणून इतकं आत जातं.

आपल्याकडे असं काम कुणी करत नाही असं नाही. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जुन्या तबकड्यांच्या याद्या, माहिती, आठवणी किती कष्टाने जमवल्या आहेत. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत ‘यंग इंडिया’सारखी देशी रेकॉर्ड कंपनी होती, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पण दुकानात जाऊन विकत घेता येईल अशी, फोटो आणि माहितीच्या पुस्तिकेसकट, गायकांच्या घरी पैसे पोचतील अशी एका छोट्या मराठी लेबलची एलपी मला हवी आहे. आप्पांच्या ट्रंकेत तमाशातल्या बायकांच्या तबकड्या होत्या. लेबलवर नाव असायचं, ‘आणि पार्टी’ असायचं, गाव असायचं. ट्रंक भावाने माळ्यावर ठेवलीय. पुढच्या दिवाळीत गेले की पहिलं काम ती उतरवायचं आणि एकेक नाव वहीत लिहून काढायचं.

ज्यांना घ्यायची असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिल्यांदा कॅपसोलच घ्या. रेकॉर्ड प्लेअर नसेल तर सीडीही आहे, आणि गाणी ऑनलाइन ऐकायलाही मिळतात, पण मग पुस्तिका मिळत नाही, आणि पुस्तिकेशिवाय अर्धी गोष्ट जाते. एका बैठकीत सगळं ऐकू नका. ही सिंगल्स आहेत, एकेक करून ऐकायला बनवलेली. दिवसाला दोन, पुढची बाजू आणि मागची बाजू, असं ऐकलं की प्रत्येक गाणं उभं राहतं. प्रिक्स नंतर घ्या, ‘यू अँड मी’साठी तरी घ्याच. सोलचा कान नसलेल्यांनी ‘हू नोज’पासून सुरुवात करावी. माझ्या आईला फोनवर ऐकवलं, ती ८१ वर्षांची आहे, इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. ऐकून झाल्यावर विचारलं तिने, "ह्याचं कोण गेलंय गं?"

एक विनंती. फोर मिंट्सची ‘जेंटली डाउन युअर स्ट्रीम’ ही १९७३ ची एलपी, कॅपसोलने काढलेली एकमेव, मी अजून मूळ स्वरूपात पाहिलेली नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे असेल, कोलंबस, सिनसिनाटी, क्लीव्हलंड, कुठेही, तर मला विकू नका, फक्त एकदा ऐकू द्या. मी गाडीने येईन. येताना माझी सुई घेऊन येईन, नवी आहे, तुमच्या रेघेला धक्का लागणार नाही.